पुराणातली पांढरी वांगी

चार वर्षांपूर्वी, २०२१च्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, मी केज तालुक्यातल्या एका गावात गेले होते. काम वेगळेच होते. बालाघाटच्या या पट्ट्यातल्या जात्यावरच्या ओव्या मी बरीच वर्षे उतरवून घेते आहे. पण दिवस चुकीचे निवडले होते. गल्लीतल्या दहा घरांपैकी सहा-सात घरांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेलेली. मागे राहिली होती ती म्हातारी माणसे, शाळेची काही पोरे आणि एखादे कुत्रे.

एका अंगणात एक आजी भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. तिच्या पाठीमागे, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली वांग्याची चार झाडे होती. त्यांवरची फळे पांढरीशुभ्र, कोंबडीच्या अंड्याएवढी. एकच फळ मात्र मोठे, पिवळे पडलेले, आणि त्याच्या देठाला लाल दोरा बांधलेला. मी सहज हात पुढे केला तशी आजी म्हणाली, “त्याला हात लावू नगं बाई. बियाचं वांगं हाय ते.”

दोरा सुनेने बांधलेला होता. ती नवऱ्याबरोबर उसाला गेली होती. “पट्टा पडल्यावर येती. तवर म्या राखायचं,” आजी म्हणाली. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचे गाळप संपणे. म्हणजे चैत्र उजाडणार. ज्या फळाचे बी सुनेला पुढच्या पावसाळ्यात लावायचे होते, ते पिकेल तेव्हा ती शेकडो मैलांवर कुठल्यातरी फडात असणार, आणि ते पाण्यात चोळून, धुऊन, वाळवून ठेवायचे काम सासूचे.

त्या दिवशी ओवी एकही मिळाली नाही. मिळाली चार वांगी. घरी येऊन भरीत केले. पौषात पुन्हा त्या गावी गेले तेव्हा आजीने लुगड्याच्या चिंधीत बांधलेली चिमूटभर बियांची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. त्या पुरचुंडीपासून हा लेख सुरू होतो. पांढरे वांगे आपल्याकडे किती जुने आहे, ते हातातून इतक्या सहज का निसटते, आणि घरच्या बागेत बियापासून ते वाढवून पुन्हा बियापर्यंत कसे न्यायचे, या तीन प्रश्नांमागे मी गेली चार वर्षे आहे. तिसऱ्याचे उत्तर शोधताना माझी एक चूकही झाली. तीही सांगणार आहे, कारण खरे शिकले ते तिच्यातून.

अंड्याची उपमा

शहरातल्या रोपवाटिकांत हल्ली पांढरी वांगी दिसू लागली आहेत. ती पाहून अनेकांना हा परदेशी प्रकार वाटतो. याचे कारण बहुधा इंग्रजी नाव. इंग्रजीत वांग्याला ‘एगप्लँट’ म्हणतात, आणि जांभळ्या, लांबट फळाला अंड्याचे नाव कसे, असा प्रश्न पडतो. उत्तर साधे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या बागांत जी वांगी शोभेसाठी लावत, त्यांत लहान, पांढरी, अंड्याच्या आकाराची वांगी होती. त्यांच्यावरून नाव पडले आणि पुढे ते सगळ्या वांग्यांना चिकटले.

पण ही उपमा आपल्याकडे त्याआधी सुमारे दोन शतके लिहून ठेवलेली आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त शाकवर्गात वांग्याचे गुण सांगितल्यावर, एक पांढरे वांगेही असते आणि ते कोंबडीच्या अंड्यासारखे असते, असे स्पष्ट म्हटले आहे. ते मूळव्याधीवर विशेष हितकर, पण एरवी गुणाने आधीच्या वांग्यापेक्षा कमी, असा त्याचा निवाडा आहे. औषधाचा भाग वैद्यांवर सोपवू. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, भावमिश्राला पांढरे वांगे वेगळे सांगावेसे वाटले. ते लोकांच्या ओळखीचे होते.

वांगे मुळातच या भागातले. भारत आणि त्याच्या पूर्वेकडचे देश हे त्याचे माहेर मानतात. संस्कृतातली वार्ताक, वृन्ताक, वातिंगण ही नावे त्याच्या जुनेपणाची खूण आहेत. वातिंगणचे फारसीत बादिंगान झाले, अरबीत बाजिंजान, तिथून ते स्पेन-पोर्तुगालला पोचले, आणि पोर्तुगीजांच्या बेरिंजेलाचे आपल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी ब्रिंजल केले. म्हणजे आपलेच नाव जगाची फेरी मारून ओळखू न येण्याइतके बदलून घरी आले.

आता आपली म्हण घेऊ. पुराणिकबुवा पुराणात वांगे खाण्याचा निषेध सांगतात. श्रोत्यांत बसलेली त्यांची बायको ते मनावर घेते आणि घरातली वांगी बाजूला सारते. जेवायला बसल्यावर बुवा वांग्याची भाजी मागतात आणि म्हणतात, पुराणातली वांगी पुराणात! या म्हणीतला मूळ शब्द ‘वानगी’, म्हणजे दाखला, असाही एक तर्क मांडला जातो. पण निषेध मात्र खरोखरच ग्रंथांत आहे. धर्मशास्त्रात वर्ज्य भाज्यांच्या ज्या याद्या येतात त्यांत वांगे येते आणि काही ठिकाणी ‘श्वेतवृन्ताक’ असे पांढऱ्याचे वेगळे नाव घेतलेले आहे. ज्याची बंदी नाव घेऊन करावी लागते, ते कुणाच्या तरी परसात नक्की पिकत असते. म्हणून निषेधाची यादी हा मला पांढऱ्या वांग्याच्या अस्तित्वाचा चांगला पुरावा वाटतो.

या निषेधाची आपल्या घरात उरलेली खूण म्हणजे चातुर्मास. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-वांगी पोटभर खाऊन घ्यायची आणि मग ती बंद. ती पुन्हा सुरू होतात मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य असतो. काही भागांत या दिवसाला वांगेसट असेही म्हणतात. पावसाळ्यात वांग्यात अळी फार, म्हणून ही बंदी, असे स्पष्टीकरण आपण ऐकत आलो आहोत. ते चुकीचे नाही. पण परसात वांगी लावू लागल्यापासून मला आणखी एक गोष्ट दिसते. चार महिने जे फळ कुणी तोडत नाही, ते झाडावरच पिकते. खाण्याचे वांगे कोवळे तोडावे लागते आणि बियाचे वांगे पूर्ण पिकू द्यावे लागते. ज्या घरात चातुर्मास पाळत, तिथे बी आपोआप धरले जात असणार. हा माझा तर्क आहे. आजीला विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “खायाचं न्हाई मनल्यावर झाडाला तरी ऱ्हातंय की.”

भुंग्याने केलेली सरमिसळ

आता माझी चूक. २०२२च्या मृगात मी आजीचे बी अंबाजोगाईच्या माझ्या घरामागे पेरले. रोपे छान आली. जागा कमी, म्हणून पांढऱ्याची सहा रोपे नेहमीच्या जांभळ्या काटेरी वांग्यांच्या रांगेलगतच लावली. फळे आली ती पांढरीच. दोन चांगली फळे पिकवून बी धरले आणि मी निश्चिंत झाले. पुरचुंडीतले सगळे बी मी एकदमच वापरले होते. मागे काही ठेवले नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आजी गावात नव्हती. दोन नातवंडांना सांभाळायला मुलाने तिलाही उसाला नेले होते. घराला कुलूप लागले. न्हाणीचे पाणी बंद झाले तशी झाडेही वाळली. २०२३च्या उन्हाळ्यात सुनेचा फोन आला. “ताई, आत्याबाईनं तुमाला दिल्यालं बी हाय का शिल्लक?” मी मोठ्या आनंदाने माझे बी पोचते केले. उरलेले स्वतः पेरले. सप्टेंबरात तिचा पुन्हा फोन. चार झाडे जगली होती. त्यांतल्या तिघांना जांभळी फळे लागली होती. माझ्याकडे चौदा झाडांपैकी पाच जांभळट. घराण्याचे बी जपायला दिले होते, आणि मी ते बिघडवून परत केले होते.

पांढऱ्याशुभ्र फळातून काढलेल्या बियांना जांभळे वांगे कसे लागते? हे समजून घेण्यासाठी वांग्याचे फूल सकाळी नीट पाहावे. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो. इतर फुलांसारखा त्यांचा पराग उघड्यावर पडत नाही. प्रत्येक पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि पराग आतच राहतो, मिठाच्या डबीतल्या मिठासारखा. डबी हलवली तर मीठ बाहेर येते. हलवण्याचे काम वारा थोडे करतो, आणि भुंगा फार चांगले करतो. काळा भुंगा फुलाला लोंबकळतो, पंख न फडकवता अंग थरथरवतो, तेव्हा तो विशिष्ट गुणगुणाट ऐकू येतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. तो घेऊन तो शेजारच्या फुलावर जातो. शेजारचे फूल जांभळ्या वांग्याचे असले तरी त्याला फरक पडत नाही.

वांग्याचे फूल बरेचसे स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून पुष्कळ जण ते निर्धास्तपणे मिसळून लावतात. पण परपरागाचे प्रमाण जागेनुसार आणि भुंग्यांनुसार खूप बदलते. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत किमान १०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी २०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे तो यासाठीच. माझ्या दोन रांगांत दोन हात अंतर होते.

दुसरी गोष्ट रंगाची. जांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. पांढऱ्या वांग्याच्या सालीत ते नसते आणि हिरवा रंग देणारे हरितद्रव्यही नसते. म्हणजे पांढरा हा रंग नव्हे, रंग नसणे आहे. जांभळ्याचा गुण प्रभावी आणि पांढऱ्याचा अप्रभावी. दोघांचा संकर झाला तर पहिल्या पिढीत पांढरा दडतो.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. फळाची साल आईच्या अंगाचा भाग असते. पराग कुणाचाही असो, पांढऱ्या झाडाला त्या वर्षी पांढरेच फळ लागणार. आतले बी मात्र आई आणि बाप दोघांचे. त्यामुळे सरमिसळ त्या वर्षी दिसत नाही. ती पुढच्या वर्षी, नव्या झाडाला फळ लागल्यावर कळते. तोवर जुने बी संपलेले असू शकते. माझे संपले होते.

पण याच नियमात दिलासाही आहे. जांभळ्या झाडाच्या पोटात पांढरा दडलेला असू शकतो. पांढऱ्या झाडाच्या पोटात मात्र जांभळा सहसा दडून राहत नाही. असता तर तो फळावर दिसला असता. म्हणून त्या चौदांतली जी नऊ झाडे पांढरी होती, ती रंगापुरती शुद्ध मानायला हरकत नव्हती. त्यांची फुले भुंग्यापासून झाकली की पुढची पिढी पांढरी येणार. मी तसे केले. कुतूहल म्हणून एका जांभळट झाडाचे फूलही झाकून त्याचे बी वेगळे धरले. २०२४मध्ये झाकलेल्या पांढऱ्यांची सगळी झाडे पांढरी आली. जांभळट झाडाच्या वीस रोपांपैकी चार पांढरी निघाली. एकाच जनुकाचा खेळ असता तर चारात एक हा हिशेब बसतो. वांग्याचा रंग एकाहून अधिक जनुकांवर अवलंबून असल्याने हे प्रमाण बदलू शकते. पण हरवलेला पांढरा रंग जांभळ्याच्या पोटातून परत येताना मी डोळ्यांनी पाहिला.

बीटी वांग्याचा वाद इथे आठवतो. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे हे वांगे आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केले होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. त्या वेळी पुढे आलेल्या आक्षेपांपैकी एक असा होता की, वांग्याच्या माहेरीच त्याचे पराग गावठी वाणांत मिसळतील. त्या वादात कुणाची बाजू घ्यायला मी शास्त्रज्ञ नाही. पण भुंगा पराग किती सहज नेतो, एवढे आता मी खात्रीने सांगू शकते.

बी धरण्याची रीत

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी आता रीत सांगते. मोठी जागा लागत नाही. सहा झाडे पुरेत. गच्चीवर करायचे तर प्रत्येक रोपाला पंधरा लिटरची बादली किंवा कुंडी द्यावी.

वांग्याचे बी बारीक असते, एका ग्रॅममध्ये साधारण २०० ते २५०. ते पसरट भांड्यात, चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत घालून, पाव इंच खोल, ओळीने पेरावे. बियाला ऊब लागते. २५ ते ३० अंश तापमानात ते आठ-दहा दिवसांत उगवते. थंडीत पेरले तर तीन आठवडेही वाट पाहायला लावते. पाणी झारीने, सकाळी, बेताने. दाट पेरले आणि पाणी जास्त झाले की रोपे जमिनीलगत सडून कोलमडतात. बहुतेकांची पहिली फजिती इथेच होते.

रोप पाच-सहा पानांचे, वीतभर झाले की, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी, दोन-दोन फुटांवर लावावे. संध्याकाळची वेळ धरावी. पुढे शेंडे पाहत राहावे. एखादा शेंडा उन्हाशिवाय मान टाकून सुकला तर आत अळी आहे. तो शेंडा दोन बोटे खालून खुडून जाळावा किंवा खोल पुरावा. हे दर दोन-तीन दिवसांनी केले तर सहा झाडांना औषध मारायची वेळ सहसा येत नाही. तुडतुड्यांवर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क चालतो. ज्या झाडाची पाने बारीक होऊन गुच्छ धरतात ते मात्र उपटावे. तो पर्णगुच्छ रोग तुडतुडे पसरवतात आणि त्या झाडाला फळ धरत नाही.

पांढऱ्याला उन्हाचा एक वेगळा त्रास असतो. कडक उन्हात उघड्या पडलेल्या फळाच्या सालीवर तपकिरी डाग पडतात. म्हणून फळावरची पाने काढू नयेत. खायचे फळ साल तुकतुकीत आणि अंग कोवळे असतानाच तोडावे. पिवळी झाक आली की त्यात बी कडक झाले आणि चव कडवट झाली असे समजावे.

आता बियाचे फळ. पहिली एक-दोन फळे खाऊन घ्यावीत, झाड अंगी लागू द्यावे. मग निरोगी झाडावरची टपोरी कळी, तिच्या टोकाला रंग दिसू लागला पण पाकळ्या उघडल्या नाहीत अशी, निवडावी. तिच्यावर जुन्या मलमलीची किंवा पातळ धोतराची छोटी पिशवी चढवून तोंड सैल दोऱ्याने बांधावे. फूल उघडले की दोन-तीन सकाळी देठावर बोटाने टिचक्या माराव्यात. भुंग्याचे काम आपण करायचे. सगळीच फुले फळत नाहीत. ज्यांचा मधला हिरवा तंतू पिवळ्या सुळक्याबाहेर डोकावतो किंवा त्याच्या बरोबरीने असतो ती फळतात, ज्यांचा आत आखूड राहतो ती गळतात. म्हणून फळ एक हवे असेल तर कळ्या पाच-सहा झाकाव्यात. फळ बोराएवढे झाले की पिशवी काढून देठाला दोरा बांधावा. दोरा लाल असावा, घरातल्या सगळ्यांना दिसावा. पावसाळ्यात अळी टाळायला त्यावर मोठी सैल जाळी चढवली तर बरे.

दोरा कोणत्या फळाला बांधायचा, हे सर्वांत महत्त्वाचे. खाऊन उरलेले, पानाआड विसरलेले फळ बियाला ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यातून वर्षानुवर्षे विसरलेल्या, उशिराच्या, वेड्यावाकड्या फळांचेच बी पुढे जाते. आजीच्या सुनेला हे कुणी शिकवले ठाऊक नाही, पण तिचा दोरा झाडावरच्या सर्वांत देखण्या फळाला होता. सहा झाडांपैकी किमान तीन-चार झाडांवर असा एकेक दोरा असावा. एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवू नये.

फूल फळल्यापासून साधारण पन्नास ते साठ दिवसांत फळ पूर्ण पिवळे होते. ते तोडून आठवडाभर सावलीत मऊ पडू द्यावे. मग चिरून, गर पाण्यात चोळावा. भरलेले बी तळाशी बसते, पोकळ बी आणि गर वर तरंगतो. वरचे ओतून द्यावे, तळाचे तीन-चार पाण्यांनी धुवावे आणि ताटात किंवा फडक्यावर सावलीत पाच-सात दिवस वाळवावे. कागदावर वाळवले तर ते चिकटून बसते. नीट वाळलेले बी दाताखाली कट्कन तुटते, दबत नाही. मग कोरड्या राखेबरोबर बाटलीत बंद करून, नाव आणि साल लिहून ठेवावे. कोरडे राहिले तर चार-पाच वर्षे उगवते. एका फळात शेकडो बिया असतात. त्यामुळे सगळे कधीच पेरू नये. निम्मे मागे ठेवावे. हा नियम मी चुकून शिकले आहे.

हे पाण्यात बुडणारे बी निवडण्याचे तंत्र आजीला तिच्या आईने दाखवले होते. चीनमधल्या ‘छीमिन याओशू’ या सहाव्या शतकातल्या, जिया सिशे यांच्या शेतीग्रंथात वांग्याचे बी धरण्याची जी कृती आहे, तीही हीच आहे. पिकलेले फळ फोडा, बी पाण्यात धुवा, बुडलेले घ्या, लगेच वाळवा आणि बांधून ठेवा. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन परंपरांना एकच गोष्ट सापडते, कारण बी दोन्हीकडे सारखेच वागते.

दोन पंचांगे

वरची रीत ज्याच्या घराला बारा महिने माणूस आहे त्याच्यासाठी ठीक आहे. आमच्या जिल्ह्यातल्या हजारो घरांना ते नसते. बीड जिल्ह्यात दोन पंचांगे चालतात. एक पावसाचे, दुसरे उसाचे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना इथे ‘एक कोयता’ म्हणतात, दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. मृगात पेरलेल्या वांग्याला फुले येतात भाद्रपद-आश्विनात. बियाचे फळ पिवळे होते ते मार्गशीर्षाच्या आसपास, घराला कुलूप लागल्यावर. खाण्याची वांगी उसाच्या पंचांगात कशीबशी बसतात, बियाची बसत नाहीत. म्हणून बी राखण्याचे काम घरात मागे राहणाऱ्या म्हातारीवर येऊन पडते. तीही गेली की घराण्याचे बी त्या वर्षी संपते. आणि मग पुढच्या उन्हाळ्यात बाजारातून रोपे येतात. ती जांभळीच असतात, बहुधा संकरित असतात, आणि त्यांचे बी धरले तरी पुढच्या वर्षी तसेच फळ येत नाही.

२०२४च्या एप्रिलात मी सुनेला शुद्ध झालेले बी देताना आम्ही दोघींनी मिळून महिने मोजले. बियापासून बियापर्यंत पाच-साडेपाच महिने लागतात. ती घरी असते सहा-सात महिने. म्हणजे वेळ पुरते, सुरुवात मात्र मृगापर्यंत थांबून चालणार नाही. मृगात बी नव्हे, रोप जमिनीत जायला हवे. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचे बी लावायची रीत पुष्कळ गावांत आहे. त्याच दिवशी वांग्याचे बी टाकायचे ठरवले.

मे महिन्यात आमच्याकडे पाण्याचे हाल असतात, काही गावांना टँकर असतो. पण तीस रोपांच्या पाटीला दिवसाला एक तांब्या पाणी पुरते. पाटी माठाखाली ठेवली तर ठिबकणारे पाणीही कामी येते. उन्हाची तलखी चुकवायला तिने पाटी गोठ्याच्या सावलीत ठेवली. उकाडा जास्त असूनही बी नवव्या दिवशी उगवले. पहिले चांगले पाऊस पडल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोपे न्हाणीजवळ लागली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळ्या. पिशव्या मी शिवून दिल्या होत्या. एका चुलत जावेने विचारले, “वांग्याला टोपडं घालायलीस का?” तेव्हापासून त्या पिशव्यांना टोपडी हेच नाव पडले. सहा टोपड्यांपैकी तीन फुले फळली. एकाला अळी लागली. दोन फळे दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी तोडली आणि दिवाळीच्या आत बी वाळून बाटलीत गेले.

त्यातले निम्मे तिने घरी ठेवले, थोडे माहेरी दिले, थोडे मला परत पाठवले. अशी देवाणघेवाण कायद्यालाही मान्य आहे. २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखायचा, पुन्हा पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, आणि कंपनीसारखी छाप न लावता विकायचाही हक्क दिलेला आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियांची बँक उभी केली, त्यांना २०२०चा पद्मश्री मिळाला. त्यांच्या कामाचे कौतुक होते ते योग्यच. पण बियांची बँक एका गावी असली तरी बी टिकते ते अनेक परसांत थोडे थोडे विखुरलेले असल्यावर. एका घराला कुलूप लागले तर दुसऱ्या घरातून मागता यावे. २०२३मध्ये ते दुसरे घर माझे होते आणि मी तयार नव्हते.

यंदाही अक्षय्य तृतीयेला पेरणी झाली. या वेळी त्या गल्लीतल्या चार घरांनी पांढरे वांगे लावले आहे, आणि जांभळी वांगी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. हा लेख लिहीत असताना आश्विन चालू आहे. परवा सुनेशी बोलणे झाले. मुकादम येऊन गेला आहे, दिवाळी झाली की टोळी निघेल. आजीही बरोबर जाणार आहे, धाकट्या नातवाला सांभाळायला. मी बियांचे विचारले. ती म्हणाली, तीन फळे तोडून फळीवर मऊ पडायला ठेवली आहेत, चौथे अजून जरा कच्चे आहे, त्याला आणखी आठ दिवस लागतील.

आठ दिवस आहेत हातात.